नववी बादली

समुद्रकाठच्या त्या गावात कढतमावशींचं खरं नाव आठवणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. त्यांच्या घरामागे, टेकडीच्या पायथ्याच्या खडकातल्या एका भेगेतून बारमाही कढत पाणी यायचं, आणि त्या पाण्यावर मावशी तीस वर्षं न्हाणघर चालवत होत्या. न्हाणघर म्हणजे काही राजवाडा नव्हे. तीन खोल्या, प्रत्येकीत सिमेंटचा एक हौद, भिंतीत दोन खुंट्या आणि बसायला एक बुटकं स्टूल. गुडघे धरलेले, कंबर गेलेले, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असे लोक यायचे, अर्धा तास त्या खारट ऊन पाण्यात बसायचे आणि जाताना दाराच्या दोन पायऱ्या कुणाचा हात न धरता उतरायचे. कुणालाही हौदात पाय टाकू द्यायच्या आधी मावशी स्वतःचं कोपर बुडवून बघत. "बोटं खोटं बोलतात, कोपर बोलत नाही," असं त्यांचं म्हणणं.

गोष्ट मात्र त्यांच्या सुनेची आहे.

सून त्या घरात आली त्याला सात वर्षं झाली होती. नवरा मालवाहू जहाजावर. आठ महिने पाण्यावर आणि चार महिने घरी. त्यामुळे तिचा संसार म्हणाल तर नवऱ्यापेक्षा सासूबरोबरच जास्त झाला होता. पहिलं वर्ष दोघी एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागल्या. मग एकदा सुनेची पाठ धरली. सासूबाईंनी तिला मधल्या हौदात बसवलं, दार ओढून घेतलं, बाहेर स्टूल टाकून बसल्या आणि कुणी आलं की मोठ्यानं सांगत राहिल्या, "आज बंद! आज घरचं गिऱ्हाईक आहे!" आतून सुनेला हसू आवरेना, आणि हसलं की पाठीत कळ यायची. त्या दिवशी पाहुणेपण संपलं ते संपलंच.

पुढे गावाच्या उत्तरेला, बंद पडलेल्या दगडखाणीशेजारी, वाफेचा प्रकल्प आला. जमिनीत दीड किलोमीटर खोल बोअर मारायच्या, पोटातली वाफ आणि कढत पाणी वर आणायचं, त्यावर वीज करायची आणि उरलेल्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळून गोडं करायचं, असा तो बेत. गावात विहिरी होत्या, पण सगळ्या मचूळ. पिण्याचं पाणी टँकरनं यायचं आणि टँकर त्याच्या मर्जीनं. तेव्हा प्रकल्पाचं नाव निघालं की लोकांचे चेहरे उजळायचे. सून तोवर दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त-लघवी तपासत होती. प्रकल्पाला मोजणीसाठी काटेकोर माणूस हवं होतं, तिनं अर्ज केला आणि तिला घेतलं.

काम तसं साधं होतं. गावाभोवतालचे झरे आणि विहिरी मिळून अकरा जागा. दर सोमवारी आणि गुरुवारी प्रत्येक ठिकाणी जायचं, पाण्याचं तापमान घ्यायचं, पातळी मोजायची, धार किती आहे ते बघायचं आणि आकडे कचेरीत पाठवायचे. खालून आपण पाणी उपसतो त्याचा वर काही परिणाम होतो का, ते कळावं म्हणून ही मोजणी. थर्मामीटर सदैव खिशात, म्हणून कचेरीतले सगळे तिला पाराताई म्हणायला लागले. अकरावी जागा तिच्याच घरामागे होती. ती जागा ती शेवटी घ्यायची, म्हणजे मोजणी आणि घरी येणं एकाच फेरीत व्हायचं.

"काय म्हणतोय माझा म्हातारा?" सासूबाई हौद घासता घासता विचारायच्या. झऱ्याला त्या म्हातारा म्हणत.

"एकाहत्तर. तब्येत ठणठणीत."

"मग मी म्हातारी कशी होईन, म्हणते मी!"

दोन वर्षं तो आकडा एकाहत्तरावरून हलला नाही. फार तर एखाद्या दिवशी एक-दोन दशांश इकडेतिकडे. मग प्रकल्पाची दोन नंबरची बोअर पूर्ण उघडली, समुद्राचं पाणी गोडं करायचं यंत्र सुरू झालं, आणि तिसऱ्या आठवड्यात सोमवारी थर्मामीटरनं सत्तर दाखवलं. सुनेनं तो पुसला, पुन्हा बुडवला. सत्तर. गुरुवारी एकोणसत्तर पूर्णांक तीन. त्याच्या पुढच्या आठवड्यात अडुसष्ट. बाकीच्या दहा जागा होत्या तिथंच होत्या.

तिनं आकडे जसेच्या तसे पाठवले आणि वर भूगर्भवाल्या मॅडमना जाऊन सांगितलं. या मॅडम पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या. खडकांशी बोलून बोलून माणसांशी बोलायची सवय मोडलेली. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला.

"एकच जागा उतरतेय. योगायोगही असेल. अजून दोन महिने बघू."

"आणि तोवर त्या मालकिणीला सांगायचं का?"

"नक्की काय सांगणार? नक्की काही कळलंच नाहीये." मग त्यांनी मान वर करून विचारलं, "कुणाचा आहे हा झरा?"

"आहे एका बाईंचा," सून म्हणाली. आपलं म्हणायला जीभ रेटेना. सासूचा झरा म्हटलं असतं तर आकड्यांवर संशय आला असता, असं तिनं स्वतःला समजावलं.

"काय म्हणतोय म्हातारा?" त्या गुरुवारी सासूबाईंनी विचारलं.

"ठणठणीत," सून म्हणाली, आणि पायातल्या चपला काढायला उगाचच खाली वाकली.

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. दर सोमवारी, दर गुरुवारी तोच प्रश्न यायचा आणि तिच्या तोंडचं पाणी पळायचं. सदुसष्ट झाले, सहासष्ट झाले. मग एक दिवस सासूबाईंनी विचारायचंच सोडून दिलं, आणि ते विचारण्याहून वाईट वाटलं. जहाजावरून नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिनं अंगणाच्या टोकाला जाऊन त्याला सगळं सांगितलं.

"आईला सांग की सरळ."

"कसं सांगू? तुमच्या पाण्याला नख लावणाऱ्यांचं मीच खाते, असं सांगू?"

"अगं, तू काय बोअर मारलीस का? तू फक्त मोजतेस."

"ताप मोजणाऱ्याला पण घरात रडू येतं," ती म्हणाली. समुद्राच्या पलीकडून, खरखरीतून, तो म्हणाला, "मी तिथं असतो तर मीच सांगितलं असतं." ते खरं होतं. पण तो तिथं नव्हता.

अशातच गावात नळ टाकून झाले आणि गोडं पाणी आलं. एका मंगळवारी सकाळी गल्लीतल्या नळांनी आधी खोकल्यासारखा आवाज केला, वारा सोडला आणि मग धार धरली. लोक भांडी घेऊन धावले, भांडी भरली तरी पाणी थांबेना, तेव्हा नुसतेच नळाशी उभे राहून बघत बसले. शेजारचे गवंडीकाका, म्हणजे ज्यांनी न्हाणघराचे हौद बांधले होते ते, ओंजळभर पाणी पिऊन म्हणाले, "चव कुठे आहे याला? मीठ टाकायला विसरले वाटतं!" आयुष्यभर मचूळ प्यायलेला माणूस, त्याला गोडं पाणी अळणी लागलं.

सासूबाईंनीही घोटभर घेतलं. पेला लगेच खाली ठेवला नाही. दुपारी न्हाणघर रिकामं होतं. सुनेला त्या दिवशी अर्धी सुट्टी होती. ती म्हणाली, "आई, या. आज तुमचे केस मी धुते."

"का? मला हात नाहीत?"

"आहेत की. पण तीस वर्षं दुसऱ्यांचीच अंगं शेकताहेत ते. आज त्यांना सुट्टी."

कुरकुर करत का होईना, त्या मोरीत स्टुलावर बसल्या. सुनेनं पाणी कोमट करून आणलं होतं. पाठीवर सोडलेले पांढरे केस, मधूनमधून करड्या बटा, आणि मानेवर एक खोल वळी, जी तिनं सात वर्षांत कधी पाहिली नव्हती. तिनं पाणी ओतलं, साबण चोळला, आणि दोघीही चकित झाल्या. फेस! मचूळ पाण्यात साबण फुटून नुसता चिकट चोथा व्हायचा. इथे बोटांत मावेना इतका पांढरा, हलका फेस आला, कानांवरून ओघळला, खांद्यांवर बसला. सासूबाईंनी थोडा हातात घेऊन फुंकला.

"अगं बाई! एवढा? माझ्या डोक्यात एवढं कुठे होतं?"

"डोळे मिटा, आई. जाईल डोळ्यांत."

त्यांनी डोळे मिटले. सून त्यांच्या मागे उभी होती, बोटं केसांत, चेहरा दिसत नव्हता. तिला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"आई, म्हातारा आजारी आहे."

तिनं पुन्हा साबण हाती घेतला.

"सहा आठवडे झाले. रोज उतरतोय. काल पासष्ट होता. मी तुमच्याशी खोटं बोलले. प्रकल्पाची बोअर ज्या पाण्यासाठी उघडली ना, त्याच पाण्यानं मी आत्ता तुमचं डोकं धुतेय." तिचे हात चालूच होते.

"मला माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या.

सुनेचे हात थांबले.

"घासत राहा, गार वाजतं. मला महिन्याभरापूर्वीच कळलं. हौदात निम्म्याहून कमी कढत पाणी सोडलं की वर विहिरीच्या नऊ बादल्या थंड पाणी ओतायचं, तेव्हा ते अंगाला येतं. तीस वर्षं नऊ. एक दिवस आठवीलाच कोपर म्हणालं, पुरे. मी म्हटलं हवा गार असेल. दुसऱ्या दिवशी पण आठ. नववी बादली रोज तशीच उरायला लागली."

"मग बोलला का नाहीत?"

"तू ठणठणीत म्हणत होतीस ना! म्हटलं, पोरगी खोटं बोलतेय म्हणजे कशात तरी अडकलीय. मी तोंड उघडलं असतं तर तुला नोकरी धरावी की घर धरावं असं झालं असतं. माझं पाणी गेलं तर जाईल. तुझं का जावं? म्हणून विचारायचंच सोडलं."

सून खाली बसली, ओल्या फरशीवर, तशीच. "मी तुम्हाला जपायला गप्प, तुम्ही मला जपायला गप्प."

"हो ना. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही आपल्याच घरात!" सासूबाई हसल्या आणि त्याच हसण्यात फेस डोळ्यांत गेला. "आई गं! पाणी घाल आधी! रडायचं ते मग रड, मला आंधळी करून नको."

सुनेनं पाणी घातलं. एक तांब्या, दुसरा, तिसरा. कितीही घातलं तरी संपणार नाही अशा नळाखाली ती पुन्हा पुन्हा तांब्या धरत राहिली, आणि सासूबाईंचे डोळे लाल का झाले ते साबणालाच ठाऊक.

केस पुसता पुसता सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या त्या खडकवाल्या मॅडमना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सुनेनं दोन गोष्टी केल्या. आधी मॅडमना सांगितलं की अकराव्या जागेची मालकीण माझी सासू आहे. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. यापुढे तिथली मोजणी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. आणि मग म्हणाली, "पण तुम्ही एकदा त्यांना भेटा. आपल्याकडे दोन वर्षांचे आकडे आहेत. त्यांच्याकडे तीस वर्षांचं कोपर आहे."

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मोजणी दुसरा करेल. पण आजवरचे तुझे आकडे मी तपासलेत. एकही वाकडा नाही." आणि टोपी उचलून निघाल्याच.

न्हाणघरात आल्यावर मॅडम झऱ्याकडे बघायला निघाल्या, पण सासूबाईंचं लक्ष त्यांच्या बुटांकडे होतं.

"पाय सुजलेत तुमचे."

"डोंगर चढून सुजतात. चालायचंच."

"चालायचं नाही, बसायचं. काढा बूट."

मोठमोठ्या साहेबांना दोन शब्दांत गप्प करणाऱ्या मॅडम निमूट स्टुलावर बसल्या आणि पाय हौदात सोडले. आधी त्यांनी ओठ दाबले, मग खांदे सैल पडले. सून दारात उभी राहून हे पाहत होती आणि हसू येऊ नये म्हणून गाल आतून चावत होती.

"आता विचारा," सासूबाई म्हणाल्या.

मॅडमनी विचारलं आणि त्या सांगत गेल्या. नऊ बादल्यांचं सांगितलं. भूकंपाचा हलकासा धक्का बसला होता त्या वर्षी पाणी चार दिवस लाल आलं होतं, ते सांगितलं. आणि मग म्हणाल्या, "एकदाच म्हातारा असा उतरला होता. एकवीस वर्षं झाली. खाण चालू होती तेव्हा. खाली खणता खणता त्यांना कढत पाणी लागलं, ते पंप लावून बाहेर टाकायला लागले, आणि आठ दिवसांत माझे हौद कोमट. पुढे खाणीत पाणी आवरेना म्हणून त्यांनी काम बंद केलं. दोन महिन्यांत माझं पाणी पुन्हा होतं तसं."

मॅडमचे पाय पाण्यात एकदम स्थिर झाले. "कुठली खाण? उत्तरेची?"

"दुसरी आहे कुठे?"

मॅडमनी खिशातून नकाशा काढला आणि तो ओला होणार नाही अशा बेतानं हौदाच्या काठावर पसरला. त्यांचा आजवरचा अंदाज असा होता की खालची मोठी भेग पूर्वेकडून पश्चिमेला जाते, म्हणजे झऱ्याला लागत नाही. "खाण आणि हे घर एकाच भेगेवर असेल, तर आमची दोन नंबरची बोअर थेट तुमच्या झऱ्याच्या नरड्यावर बसलीय," त्या सावकाश म्हणाल्या. "वापरून झालेलं पाणी आम्ही जमिनीत परत सोडतो, पण ते गावाच्या पलीकडे, भलत्याच जागी. इथून नुसतं काढतोय, भरत काहीच नाही."

"आडातच राहिलं नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!"

"अगदी तसंच."

त्यांनी उपाय सांगितला. दोन नंबरची बोअर काही आठवडे बंद करायची, खाणीपर्यंत नळ टाकायचा आणि परतीचं पाणी खाणवाल्यांनी उपशासाठी मारलेल्या जुन्या बोअरमधून खाली सोडायचं, म्हणजे खालचा दाब पुन्हा भरेल. पण बोअर बंद म्हणजे उष्णता निम्मी, आणि गोडं पाणीही निम्मं. गावाला एक दिवसाआड मिळेल.

"मग नको," सासूबाई म्हणाल्या. त्या एवढ्या पटकन म्हणाल्या की सुनेनं चमकून पाहिलं. "माझ्या तीन हौदांसाठी लोकांच्या तोंडचं पाणी काढू नका. लेकुरवाळ्या बाया काल नळाशी उभ्या राहून रडत होत्या. मी पाहिलंय."

"मावशी," मॅडम म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांनी मावशी म्हटलं. "हे तुमच्यासाठी नाही. तुमचा झरा म्हणजे आमच्या बोअरची नाडी आहे. आज तो गार पडतोय, दोन वर्षांनी ती बोअरच गार पडेल. मग गावाला एक दिवसाआडही मिळणार नाही. आज थोडं थांबलो तर पुढे वर्षानुवर्षं चालेल."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. "खरं बोलताहेत?"

"खरं बोलताहेत, आई."

"तू म्हणतेस म्हणजे झालं."

बोअर बंद झाली. मॅडमनी गावाला जाहीर पत्रक लावून कारण सांगितलं होतं, पण पत्रक वाचतो कोण! चार दिवसांत गल्लीत कुजबुज सुरू झाली की कढतमावशीच्या न्हाणघरासाठी आपलं पाणी तोडलं, सून तिथं नोकरीला आहे, घरचीच चावी, मग काय. दुकानात सासूबाई शिरल्या की बोलणं बंद व्हायचं. लोक त्यांना पाण्यात पाहायला लागले. एरवी आल्या-गेल्याला दोन शब्द ऐकवणारी बाई, पण त्या दिवसांत मूग गिळून राहिली. म्हातारा बरा होईपर्यंत न्हाणघर बंद, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि बोअर बंद झाल्यावरही पाण्याचा उतार लगेच न थांबता ते अठ्ठावन्नपर्यंत आलं होतं. त्या रिकाम्या हौदांच्या भिंती घासत बसायच्या.

सुनेला ते बघवेना. एका रविवारी ती स्वतः नळाच्या रांगेत उभी राहिली आणि विचारील त्याला, न विचारील त्यालाही, सगळं समजावून सांगत राहिली. खालची भेग, परतीचं पाणी, नाडी. कुणाला पटलं, कुणी मान हलवून सोडून दिलं. शेवटी गवंडीकाका बादली आपटून म्हणाले, "अरे, माझा गुडघा कुणी वाकवला? तुझ्या बापाची कंबर कुणी सरळ केली? ती बाई स्वतःचं बंद ठेवून बसलीय आणि तुम्हाला एक दिवसाआड गोडं पाणी मिळतंय, ते परवापर्यंत सात दिवसाआड टँकरचं मिळत होतं!" गवंडीकाका ओरडून थकले आणि मग हळूच म्हणाले, "मुली, हौद कधी उघडणार तेवढं मला एकट्याला आधी सांग."

सात आठवड्यांनी खाणीकडचा नळ पुरा झाला. बोअर उघडली, पण पूर्वीपेक्षा बेतानं, आणि परतीचं पाणी खाणीतून खाली जायला लागलं. नळांना पुन्हा रोज पाणी आलं. झरा मात्र अठ्ठावन्नावरच बसून राहिला. नवा मोजणीवाला सोमवार-गुरुवार येऊन आकडा घेऊन जायचा आणि सून त्याच्या चेहऱ्यावरून काही कळतंय का बघायची. महिना गेला. दुसरा गेला. सासूबाई म्हणायच्या, "म्हातारं माणूस आहे. दुखण्यातून उठायला वेळ लागतो." पण त्या एकट्या असल्या की खडकाशी जाऊन बसायच्या, हे सुनेनं दोन-तीनदा पाहिलं होतं.

मग एका गुरुवारी मोजणीवाल्यानं पाणी दोनदा मोजलं. एकोणसाठ. वर्षभरात पाणी चौसष्टपर्यंत चढलं आणि तिथं थांबलं. एकाहत्तर काही पुन्हा झालं नाही. मॅडमनी ते सरळ येऊन सांगितलं, काही लपवलं नाही. सासूबाईंनी कोपर बुडवलं, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "चालेल. मी तरी कुठे तीस वर्षांपूर्वीची राहिलेय?" सोमवारपासून न्हाणघर उघडलं. पहिला हौद गवंडीकाकांना मिळाला, आणि नंतर महिनाभर ते गावाला आपण उद्घाटन केल्याचं सांगत फिरले.

पुढच्याच वर्षी प्रकल्पाचं दुसरं ठिकाण ठरलं, जीपनं चार तासांवर, डोंगराच्या आतल्या बाजूला. या वेळी मॅडमनी बोअर मारायच्या आधीच सुनेला बोलावलं. तिथल्या झऱ्यांची मोजणी पहिल्या दिवसापासून तिनं बसवावी, असं त्यांचं म्हणणं होतं. अडचण एकच. सगळ्यात मोठा झरा एका म्हाताऱ्या वेतकामवाल्याचा होता. तो त्या पाण्यात वेत भिजवून मऊ करायचा आणि त्याच्या खुर्च्या विणायचा. कचेरीचं माणूस दिसलं की तो दार लावून घ्यायचा.

"तुझ्या सासूबाई येतील का?" मॅडमनी विचारलं.

"मी? मी काय साहेब आहे?" सासूबाई म्हणाल्या. पण संध्याकाळपर्यंत त्यांची पिशवी भरून तयार होती. चाळीस वर्षांत त्या गावाबाहेर गेल्या नव्हत्या. जीपमध्ये त्यांनी पुढची खिडकीची जागा मागून घेतली आणि चारही तास ड्रायव्हरला वळणावळणावर हळू चालवायला सांगितलं.

वेतकामवाल्याचं दार बंदच होतं. सासूबाईंनी सुनेला मागे थांबवलं, त्या एकट्याच गेल्या आणि दाराशी ठेवलेली एक अर्धी विणलेली खुर्ची उलटी करून बघायला लागल्या. आतून आवाज आला, "हात नका लावू!"

"वेत किती वेळ ठेवता हो पाण्यात? एवढी बारीक वीण बसते म्हणजे चांगलाच मऊ होत असणार."

दार बोटभर उघडलं. "जाडीवर असतं ते."

"मी माणसं ठेवते पाण्यात. तिथंही जाडीवरच असतं."

दार आणखी थोडं उघडलं. मग सासूबाई उंबऱ्यावर बसल्या, म्हातारा आत खाटेवर, आणि दोन तास दोघं पाण्याविषयी बोलत राहिले. आपलं पाणी कसं गेलं, किती परत आलं, किती आलं नाही, सासूबाईंनी काही राखून ठेवलं नाही. म्हाताऱ्यानं विचारलं, "मग तुम्ही कशाला त्यांच्याबरोबर फिरता?"

"कारण या वेळी आधी विचारायला आलेत. आणि ती मोजणारी माझी सून आहे. वाईट आकडा आला तर ती तुमच्यापासून लपवणार नाही. तिला ते जमतच नाही, तोंड उतरतं तिचं."

म्हातारा उठला, काठी घेतली आणि झऱ्याची वाट दाखवत पुढे निघाला. पाणी एका सपाट दगडाखालून येत होतं, वाफ अंगावर येत होती. सून गुडघ्यांवर बसली, थर्मामीटर बुडवून धरला. हात गुंतलेले, म्हणून तिनं वही सासूबाईंकडे दिली.

"लिहा, आई. त्रेसष्ट पूर्णांक चार."

सासूबाईंनी चष्मा सारखा केला, त्रेसष्ट लिहिलं आणि थांबल्या. "चार कुठे लिहू? वर की खाली?"

"शेजारीच. मध्ये एक टिंब द्या."

"टिंब कशाला? नुसतं लिहिलं तर कळणार नाही?"

"टिंब राहिलं तर सहाशे चौतीस होतील."

"अरे बापरे!" म्हातारा म्हणाला. "मग माझा वेत?"

"वेत कसला, तुमची काठीसुद्धा उरायची नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि जीभ दातांत धरून त्यांनी ते टिंब इतक्या जोरानं दिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं. म्हातारा कंबरेचा चाकू काढून तिला टोक करायला बसला, आणि सून ओल्या हातांनी पुढच्या झऱ्याची वाट विचारू लागली.